एकोणीस सेकंदांचा भोंगा

सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३. दुपारचा एक वाजून बेचाळीस मिनिटे. मूर्तिजापूर आणि बडनेरा यांच्या मधल्या एका शिवारात रेल्वे इंजिनाचा भोंगा एकोणीस सेकंद वाजला.

दोन्ही रुळांवर, नजर पोचेल तिथपर्यंत, गाडी नव्हती.

या पानावर येणाऱ्या बहुतेक भुताखेतांच्या हकिकती मी आजवर खोट्या मानत आलो. ही खरी आहे. वेळ मी स्वतः मोजली आहे, जागा पावलांनी मोजली आहे, आणि तिच्यातले जे खोटे होते तेही माझेच होते.

माझे नाव कुंदन. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे माझी आत्या, सत्यभामा, राहते. तिचे वय चौऱ्याहत्तर. तिचा एकुलता एक मुलगा देवमन माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. त्याची बायको साधना, म्हणजे माझी वहिनी, आज घर आणि वावर दोन्ही सांभाळते. वावर रुळांना लागून आहे. अर्ध्यात झेंडू, अर्ध्यात वांगी, कोथिंबीर, हरभरा.

वावराच्या कोपऱ्यावर पूर्वी बिनचौकीदाराचे रेल्वे फाटक होते. फाटक म्हणजे नुसता रस्ता, रूळ ओलांडून जाणारा. २८ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याला दोन दिवस असताना, झेंडूचे क्रेट मोपेडवर बांधून निघालेला देवमन तिथेच गाडीखाली गेला. पुढच्या वर्षी तो रस्ता बंद झाला आणि रुळांखालून बोगदा काढला गेला. फाटकाच्या अलीकडे सहाशे मीटरवर असलेला पिवळा फलकही गेला. त्यावर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेले असे. सीटी, फाटक. म्हणजे चालकाने इथून भोंगा धरायचा आणि फाटक ओलांडेपर्यंत सोडायचा नाही.

फाटक नाही, फलक नाही. तेव्हापासून तिथे कुठल्याही गाडीला भोंगा वाजवण्याचे कारण नाही.

आणि तरीही, वहिनींचा फोन आला, की भोंगा वाजतो.

“भाऊजी, तुमी एक डाव येऊन पाहा. फुलं झाडालेच सडून राहिली. दिवाई आठ दिवसांवर आली, अन् माणिकबाईच्या बाया वावरात पाय टाकत नाईत.”

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दसऱ्यानंतर, कोजागिरीपासून, रोज भर दुपारी फाटकाच्या जागी भोंगा ऐकू येतो. गाडी नसते. झेंडू तोडणाऱ्या बायकांनी काम सोडले. गावात बोलले जाते, की देवमन अजून फाटकावर अडकला आहे. असेच चालले तर त्या वावर बटाईने देऊन दर्यापूरला भावाकडे जाणार. आत्या मात्र जागची हलायला तयार नाही, आणि सहा वर्षे एकमेकींच्या आधाराने काढलेल्या त्या दोघींत आता बोलणे बंद पडले आहे.

मी गेलो. भूत नाही हे सिद्ध करायला, असे मी सगळ्यांना सांगितले.

माणिकबाई ही फुले तोडणाऱ्या बायकांची मुकादम. मी तिला बोगद्याच्या तोंडाशी गाठले. मला पाहून तिने आधी, आता शिकलेली माणसेसुद्धा पाहायला येऊ लागली, असा टोमणा मारला. मग आवाज खाली आणला.

“सर, गाडी येते, पन जात नाई.”

म्हणजे काय, असे मी विचारले.

“येऊन राहिली, येऊन राहिली असं वाटते… अन् मंधातच कोनी गळा धरल्यावानी बंद. जातानीचा आवाजच नाई तिले.”

मी ते वहीत उतरवून घेतले. अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईने केलेले ते अत्यंत अचूक निरीक्षण होते. जवळ येणाऱ्या भोंग्याचा स्वर चढा असतो. गाडी समोरून निघून गेली, की तो एकदम उतरतो. हे मी दरवर्षी बारावीच्या वर्गाला शिकवतो. न उतरलेला स्वर याचा अर्थ एकच…

गाडी अजून यायची आहे.

तिथेच, बोगद्यावरच्या भरावावर उभे राहून, मी तो भोंगा ऐकला. एक बेचाळीसला. रूळ मोकळे होते. उन्हात वरची तार चमकत होती. तारेवर दोन कोतवाल पक्षी बसले होते, आणि ते उडाले नाहीत.

आवाज आला… चढा, सरळ, जराही न हलणारा. एकोणीस सेकंद.

मग तो तुटला.

माझ्या हाताला घाम आला होता. ऊन असल्याने, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, म्हणजे मला नेमकी कशाची भीती वाटत होती ते वाचकाला कळेल.

देवमन गेला त्या वेळी तो माझ्याशी फोनवर बोलत होता. आमच्या महाविद्यालयात विज्ञान प्रदर्शनाचे उद्घाटन होते. हार आणि तोरणे त्याच्याकडून यायची होती. आमची जीप पलीकडे मोठ्या रस्त्यावर उभी होती. मी कार्यालयातल्या फोनवरून बोलत होतो. नंतर पोलिसांनी विचारले. मी जबाब दिला, की फाटकापाशी पोचण्याआधीच बोलणे संपले होते आणि मला भोंगा ऐकू आला नाही.

तेरवीच्या दिवशी त्या गाडीचा चालक आला. धर्मपाल त्याचे नाव. बडनेऱ्याचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. कुणी बोलावले नव्हते. तो मांडवाच्या कडेला उभा राहिला. कुणीतरी सवयीने त्याच्या हातात पाण्याचा गिलास दिला, आणि मग तो कोण हे कळले. गाव आधीच म्हणत होते, की चालकाने भोंगा दिला नाही. देवमन सावध माणूस होता, भोंगा असता तर थांबला असता.

तो आत्यासमोर आला आणि म्हणाला, “माय, मी बोर्डापासून भोंगा देल्ला होता. हात काढला नाई मी त्याच्यावरून.”

आत्याने माझ्याकडे पाहिले. सगळ्या मांडवानेच पाहिले.

“कुंदन, तू बोलत होता ना त्याच्याशी? वाजला होता का रे?”

मी म्हणालो, “नाही, आत्या. मला ऐकू आला नाही.”

धर्मपालने गिलास खाली ठेवला. भरलेलाच. मागून कुणीतरी त्याला ‘चाल, नीघ अठून’ म्हणाले, आणि तो गेला. रेल्वेच्या चौकशीत त्याच्यावर काही सिद्ध झाले नाही. पण गावाचा निकाल माझ्या एका वाक्याने लागला होता.

तो जबाब खोटा होता. मी भोंगा ऐकला होता. दिवसाउजेडी, रिकाम्या रुळांवर, सहा वर्षांनी तो मी पुन्हा ऐकत होतो.

मंगळवारी मी शहाण्या माणसासारखी सुरुवात केली. वावरात मचाण आहे. त्यावर रानडुकरे हाकलायची पेटी असते. एक कर्णा, एक बॅटरी, आणि नखाएवढे कार्ड घालायची खाच. ती रात्री कुत्र्यांचे भुंकणे आणि फटाक्यांचे आवाज वाजवते. पावसाळ्यात वहिनींनी मूर्तिजापूरहून आणली होती. पहिला संशय साहजिकच तिच्यावर गेला. मी सकाळी कार्ड काढून तपासले. सात फाइली. पाचांत कुत्री, दोनांत फटाके. रेल्वेचे काही नाही. कार्ड परत घातले आणि संशय खोडून टाकला.

आत्या मचाणाखाली बसून वांग्यांतली किडकी बाजूला काढत होती. दिवसभर ती तिथेच असते. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारले, की भोंगा तिनेही ऐकला का.

“मले काय ऐकू येते बाबू? ढग गरजला तरी साधना सांगते तवा समजते.”

तिचे कान गेल्याला तीन वर्षे झाली होती. मी तो प्रश्न वहीत लिहिलाही नाही.

त्या दिवशी भोंगा एक एक्कावन्नला वाजला. मी भरावावरूनच मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. पुन्हा एकोणीस सेकंद. पुन्हा तोच न उतरणारा स्वर. वहीत लिहिले: वेळ नऊ मिनिटे सरकली, लांबी तीच. याचा अर्थ लावायला हवा होता. यंत्राची वेळ सरकत नाही, माणसाची सरकते. मी लावला नाही.

भोंगे कधी वाजवतात हे मला विचारायचे होते. विचारण्याजोगा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि त्याच्याकडे जाण्याचे मी सहा वर्षे टाळले होते.

बुधवारी सकाळी बडनेऱ्याला धर्मपालच्या घरी गेलो. तो निवृत्त झाला होता. ओट्यावर मेथी निवडत बसला होता. मी नाव सांगण्याआधीच तो बोलला.

“या. तेरवीतले सर ना तुमी.”

त्याने खुर्ची सरकवली. मी कामाचे विचारले. त्याने मेथी निवडता निवडता सगळे नीट सांगितले. गाडी हलवण्याआधी वाजवायचा. वळणावर, धुक्यात, बोगद्यात वाजवायचा. रुळावर दुरुस्तीच्या गँगची माणसे किंवा ढोर दिसले तर वाजवायचा. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जात असेल तर तिच्याआड माणूस असतो हे धरून वाजवायचा. आणि सी/फा फलकापासून फाटकापर्यंत सलग. भोंगा कुणी मनात आले म्हणून वाजवत नाही, प्रत्येक भोंग्याला जागा असते, असे तो म्हणाला.

“फाटक गेलं, बोर्ड गेलं. मंग तठी कोन वाजवन? अन् काहून?”

मी मोबाइल पुढे केला आणि मुद्रण लावले.

त्याचा हात थांबला.

तो म्हणाला, पुन्हा लावा. मी लावले. त्याने तिसऱ्यांदा लावायला सांगितले आणि या वेळी डोळे मिटले. भोंगा तुटला, तरी काही वेळ मिटलेलेच ठेवले.

“याचा एक घसा बसेल हाय,” तो म्हणाला. इंजिनाला दोन भोंगे असतात, एक पातळ, एक जाड. त्या दिवशीच्या इंजिनाचा जाड भोंगा सुरुवातीला खरखरत होता. गाडी हातात घेतली तेव्हाच त्याने तशी नोंद केली होती. “सर, हा माहा भोंगा हाय. त्या दिवसाचा.”

मी मोबाइल खिशात घातला.

“तुमाले कोठून भेटला हा?”

मी उलट विचारले, की त्या दिवशी गाडीचा वेग किती होता. एकशे पाच, तो म्हणाला. चौकशीत इतक्यांदा सांगितला आहे, की झोपेतही येईल.

मी ओट्यावर बसूनच गणित केले. ताशी एकशे पाच किलोमीटरने सहाशे मीटर कापायला साडेवीस सेकंद लागतात. फलकापाशी सुटलेला आवाज फाटकावर पोचायला पावणेदोन सेकंद. म्हणजे फाटकावर उभ्या माणसाला, गाडी त्याच्यापर्यंत येईतो, भोंगा ऐकू येणार…

एकोणीस सेकंद.

मी चहा न घेता निघालो. त्याने आग्रह केला नाही. अंगणाच्या दारापर्यंत सोडायला मात्र आला.

त्या संध्याकाळी अमरावतीला घरी मुद्रण संगणकावर घातले आणि त्याचा वर्णपट, म्हणजे कोणते सूर किती आहेत त्याचा आलेख, काढला. इंजिनाचा खरा भोंगा पसरट असतो. त्याचे सूर पाच-सहा हजार आवर्तनांच्या वरही जातात. या भोंग्याचे जात नव्हते. चौतीसशेच्या वर एक रेघ नव्हती. तीनशेच्या खालीही काही नव्हते. दोन्ही बाजूंनी कुणी कात्रीने कापावे तसा तो होता.

आवाजाला असे छाटणारी एक वस्तू मला ठाऊक आहे. दरवर्षी फळ्यावर तिची आकृती काढतो.

टेलिफोन.

तो भोंगा हवेतून आलेला नव्हता. तो कधीतरी टेलिफोनच्या तारेतून गेलेला होता. आणि २८ सप्टेंबर २०१७ रोजी तो भोंगा ज्या टेलिफोनातून गेला, तो…

माझ्या कानाला होता.

मी उठलो आणि घरातले सगळे दिवे लावले. बायकोने काय शोधताय म्हणून विचारले. मी काहीतरी सांगितले.

गुरुवारी मी गावात कुणालाही न सांगता बोगद्याच्या बाजूने वावरात शिरलो आणि तुरीच्या ओळींतून मचाणापासून वीसेक पावलांवर जाऊन बसलो. दीड वाजला. अकोल्याकडे जाणारी एक गाडी गेली. आत्याने भाकरीचे फडके सोडले, जेवली, हात धुतले. मग इकडेतिकडे पाहिले. कंबरेच्या पिशवीतून तिने एक कागदाची पुडी काढली.

पुडीत कार्ड होते.

पेटीतले कार्ड तिने नखाने दाबून बाहेर काढले आणि हे आत घातले. पेटीचे तोंड रुळांकडे होते. आत्याने बाजूने पेटीला कान चिकटवला, जसा दाराला लावतात तसा. मग बटण शेवटपर्यंत फिरवले.

भरावावर फक्त भोंगा पोचत होता. इथे सगळेच ऐकू येत होते.

“थांब, मालगाडी चालली हाय अठून. जाऊ दे तिले.”

देवमनचा आवाज. मागे डब्यांची खडखड.

“देवमनभाऊ, जीप केव्हाची उभी आहे.”

हा मी.

“हो बाप्पा… गेली. गार्डाचा डबा गेला.”

आणि भोंगा सुरू झाला.

“अजून वाजवून राहिली हे.”

“गेली ना गाडी? मग निघ आता. पाहुणे येऊन बसलेत.”

मोपेडची किक. एकदा, दोनदा. भोंगा चालूच. चढा, सरळ. आणि मग ते तुटणे.

वाचकाला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी कार्यालयात फोन धरून उभा असताना माझ्या लक्षात आले होते, की भोंग्याचा स्वर उतरत नाही. मालगाडी जर निघून गेली आहे, तर वाजतो तो भोंगा तिचा नाही. तो दुसऱ्या रुळावर येणाऱ्या गाडीचा आहे. त्याच आठवड्यात मी तो धडा घेतला होता. एक चांगले उदाहरण मिळाले, एवढेच माझ्या मनात आले. भयकथेत माणसाला जे कळत नाही त्याची भीती असते. मला कळले होते.

मी तुरीतून उठलो. आत्या दचकली नाही. तिने पेटी बंद केली आणि मला बसायला जागा केली.

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन एकेक विचारले, आणि तिने सांगितले. पोलिसांनी देवमनच्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत परत दिल्या होत्या. फोनचा चुरा होता, कार्ड शाबूत. अपघाताच्या तीनच दिवस आधी घेतलेला फोन. अनोळखी क्रमांकावरून येणारे बोलणे तो आपोआप साठवून ठेवी, आणि आमच्या कार्यालयाचा क्रमांक त्याला अनोळखी होता. पेटी घरात आली तेव्हा दुकानदाराने कार्ड कसे घालायचे ते दाखवले. आत्याला वाचता येत नाही, पण तसेच दुसरे कार्ड कुठे ठेवले आहे ते तिला आठवत होते. कोजागिरीला तिने ते पहिल्यांदा घालून पाहिले.

“ऐकू येतं तुला?”

“त्याचा आवाज येते. ‘हो बाप्पा’ म्हनते ना, तेवढं येते.”

“आणि माझा?”

ती कुत्र्यांचे कार्ड पेटीत परत घालत होती. ते तिने नीट बसवले.

“तुहाबी येते.”

घरी का नाही ऐकत, असे मी विचारले.

“घरी साधनाच्या कानावर पडन. मंग दिवाईले तुहं ताट कोन वाढन?”

सहा वर्षे मी दर दिवाळीला त्या घरी जेवलो आहे. गेल्या काही दिवसांपासून तिला सगळे माहीत होते, आणि तरी परवा तिने माझ्या भाकरीवर लोणी ठेवले होते.

मग मी तिला सांगितले, की हा भोंगा सगळ्या शिवारात ऐकू जातो. बाया यासाठीच येत नाहीत. वहिनी याच्याच भीतीने गाव सोडत आहेत. तिला आधी खरे वाटेना. तिने पेटीकडे पाहिले, बटणाकडे पाहिले.

“मले वाटलं, हयूच वाजते, माह्या कानापुरतं,” ती म्हणाली. सुनेला घाबरवून टाकणारे भूत आपणच होतो, हे तिला त्या क्षणी कळले.

तिने कार्ड माझ्या तळव्यावर ठेवले आणि माझी बोटे मिटवली.

“घेऊन जा. मोडून टाक. कोनाले सांगू नको.”

ते नखाएवढे होते. दोन बोटांत मोडले असते. भोंगा बंद झाला असता, बाया परतल्या असत्या, भूत नव्हते हे सिद्ध झाले असते. मी बोगद्यातून घरापर्यंतची चारशे पावले चाललो, आणि त्यांतली बरीचशी मी ते मोडण्याच्या विचारात चाललो, हेही लिहून ठेवतो.

वहिनी अंगणात हार ओवत होत्या. मी त्यांना सांगितले. त्यांच्याच मोबाइलमध्ये कार्ड घालून ऐकवले. त्या उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटपर्यंत ऐकले, तुटले त्याच्या पुढेही थोडा वेळ.

मग त्यांनी एकच विचारले.

“भाऊजी, तुमाले समजलं होतं?”

“हो.”

त्यांनी सुईत दोरा ओवला. सुई खाली ठेवली.

“धर्मपालभाऊले निरोप द्या. पानी प्याले बोलावलं म्हना.”

तो शनिवारी आला. मी त्याला आणायला गेलो होतो आणि रस्त्यातच सगळे सांगितले होते. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. घरी त्याला ऐकवले, तेव्हा त्याने बोटांवर सेकंद मोजले आणि ‘बरोबर हाय’ म्हणाला. आत्याने त्याला गिलास दिला. त्याने तो उभ्याउभ्याच रिकामा केला. मला कुणी पाणी विचारले नाही, आणि मी मागितले नाही. माणिकबाईच्या बाया त्याच सकाळी वावरात आल्या होत्या. निम्मी फुले वाया गेली होती.

पोलिसांकडे माझा नवा जबाब लेखी दिला आहे. या दिवाळीला मला गावाहून बोलावणे आले नाही. आमच्या घरापासून रेल्वे दूर आहे, पण वारा तिकडून असला की भोंगे ऐकू येतात. स्वर उतरेपर्यंत मी श्वास रोखून धरतो. तो दर वेळी उतरतो. तरीही धरतो.

६ नोव्हेंबरच्या भोंग्याचे कारण असे. सत्यभामाबाई, वय चौऱ्याहत्तर, कान अधू असल्याने आवाज पूर्ण वाढवून, मुलाचे शेवटचे बोलणे ऐकत होत्या.

२८ सप्टेंबर २०१७ च्या मृत्यूचे कारण असे. चालकाने भोंगा फलकापासून सलग दिला होता. त्याचा स्वर उतरत नव्हता. मी तो ऐकला, त्याचा अर्थ ओळखला, आणि निघ म्हणालो.